‘खाऊन आली म्हणून’

आमच्या गटाची बैठक महिन्यातून दोनदा पेणजवळच्या रामवाडीत भरते. बायका घरचं आवरून, कुणी एस.टी.नं, कुणी रिक्षानं, कुणी चालत येतात. गेल्या वर्षी भातकापणी आटोपल्यावरच्या एका बैठकीला एक बाई आली आणि दाराशीच बसून राहिली. चहा पुढे केला तर मानेनंच नको म्हणाली. मी आग्रह करायला लागले, तेव्हा शेजारची हळूच म्हणाली, “ताई, ती कोणाच्या घरी काय खात नाय. आनि तिच्या हातचं पन कोन खात नाय.”

तिची धाकटी जाऊ बाळंतपणात गेली होती. वय चोवीस. पहिलं मूल सिझेरियननं झालेलं. दुसऱ्या खेपेला दिवस भरत आले होते. त्या दिवशी संध्याकाळी तिला भूक लागली, म्हणून थोरलीनं तिला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. सात वाजले असतील. समोर बसून खाऊ घातलं. रात्री दहाच्या सुमाराला कळा सुरू झाल्या आणि अंगावरून रक्त जाऊ लागलं. गाडी मिळेपर्यंत तास गेला. पहिल्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ नव्हते, ‘पुढे न्या’ अशी चिठ्ठी मिळाली. दुसऱ्या ठिकाणी पोचेस्तोवर मध्यरात्र उलटली. तिथे घाईघाईनं पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया केली. मूल वाचलं. पण भूल चढत असतानाच तिला उलटी झाली आणि ती श्वासनळीत गेली. चौथ्या दिवशी, कृत्रिम श्वासावर असतानाच ती गेली. कागदावर ‘न्यूमोनिया’ असं लिहिलं गेलं. आणि व्हरांड्यात उभ्या असलेल्या घरच्यांना कुणीतरी एका वाक्यात सगळं समजावून सांगितलं, “खाऊन आली म्हणून असं झालं. पोट रिकामं ठेवायला नको होतं का?”

त्या एका वाक्यावर घरात खटला चालला आणि निकालही लागला. भाकरी कुणी वाढली? थोरलीनं. म्हणजे मारलं कुणी? थोरलीनं.

दवाखान्याचं नाव मी इथे लिहीत नाही. प्रश्न एका दवाखान्याचा नाही. प्रश्न त्या वाक्याचा आहे. ते वाक्य मी नंतर इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं, की त्याच्यामागे काय आहे ते मुळापासून समजून घ्यायचं ठरवलं. मी डॉक्टर नाही. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन दहा-बारा वर्षं वाड्यापाड्यांवर काम करणारी बाई आहे. म्हणून केसपेपरच्या प्रती मागून घेतल्या आणि ओळखीच्या एका भूलतज्ज्ञ डॉक्टरबाईंबरोबर बसून ओळ न् ओळ वाचल्या. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

उलटी फुप्फुसात गेली म्हणजे काय होतं?

आपल्या जठरात अन्न पचवण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. जठराचं अस्तर ते सोसू शकतं, फुप्फुस सोसू शकत नाही. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांची भिंत अतिशय पातळ असते, कारण तिच्यातूनच प्राणवायू रक्तात जायचा असतो. त्या भिंतीवर आम्ल पडलं की काही मिनिटांत ती भाजते. एवढ्यावर थांबत नाही. पुढच्या काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धाव घेतात, सूज वाढते, रक्तातलं पाणी पाझरून हवेच्या पिशव्यांत भरतं. फुप्फुस भिजलेल्या स्पंजासारखं जड होतं आणि प्राणवायू आत घेता येईनासा होतो. ही जखम भाजल्याची आहे, जंतूंची नाही. जंतुसंसर्ग झाला तर तो मागाहून होतो. म्हणून नुसतं ‘न्यूमोनिया’ लिहिलं की खरी गोष्ट कागदावरून पुसली जाते.

शुद्धीवरच्या माणसाला ठसका लागतो, खोकला येतो, श्वासनळी आपली राखण आपण करते. भूल दिली, झटके आले, बेशुद्धी आली की ती राखण सुटते. गरोदर बाईला हा धोका जास्त. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे जठराच्या तोंडाची झडप सैल पडते, वाढलेल्या गर्भाशयाचा दाब जठरावर येतो. कळा सुरू झाल्या की जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो, आणि कळा सोसाव्यात म्हणून पेथिडिनसारखं इंजेक्शन दिलं तर आणखीच मंदावतो. तेव्हा चांगली भूल देणारा डॉक्टर एक गोष्ट धरूनच चालतो. कळा देणारी बाई शेवटचं कधीही जेवलेली असो, तिचं पोट भरलेलंच आहे असं समजायचं.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

पाच सूचना, आणि त्यातली एकच

हा आजार वैद्यकात ‘मेंडेल्सन सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो. कर्टिस मेंडेल्सन हे न्यूयॉर्कच्या एका प्रसूतिरुग्णालयातले डॉक्टर. त्यांनी १९४६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. १९३२ ते १९४५ या काळात तिथे झालेल्या ४४,०१६ बाळंतपणांत भुलेखाली ६६ जणींच्या फुप्फुसात पोटातला ऐवज गेला होता. दोघी दगावल्या, त्या घट्ट अन्न अडकून गुदमरल्यामुळे. मेंडेल्सननी सशांवर प्रयोग करून दाखवलं, की आंबट द्रव फुप्फुसात गेला तर भयंकर इजा होते आणि तोच द्रव आम्ल मारून सोडला तर तशी इजा होत नाही. म्हणजे गुन्हेगार मुख्यतः आम्ल आहे.

निबंधाच्या शेवटी त्यांनी उपाय सुचवले. एक, कळा चालू असताना तोंडानं अन्न देऊ नये, गरजेप्रमाणे शिरेतून द्रव द्यावं. दोन, जमेल तिथे पूर्ण भूल टाळून तेवढ्याच भागाची भूल वापरावी. तीन, पूर्ण भूल देण्याआधी जठरातलं आम्ल मारावं आणि जठर रिकामं करावं. चार, भूल देणारा माणूस जाणता हवा, त्याला या धोक्याची पुरती जाणीव हवी. पाच, प्रसूतीच्या खोलीत साधनं सज्ज हवीत. डोकं खाली करता येईल असं टेबल, घसा साफ करायला सक्शन यंत्र, श्वासनळीत पाहण्याची उपकरणं.

आता मैत्रिणींनो, या पाचांकडे नीट पाहा. दुसऱ्या ते पाचव्या सूचनेला पैसा लागतो, माणूस लागतो, शिक्षण लागतं, रात्री दोन वाजता हजर असावं लागतं. पहिलीला काहीच लागत नाही. बाईनं उपाशी राहायचं, बस्स. आणि जगभर इस्पितळांनी सगळ्यात आधी, सगळ्यात निष्ठेनं उचलली ती पहिलीच. ती फुकटची होती आणि बाईच्या पोटावर लादता येत होती. शिरेतून द्रव देण्याचा तिचा दुसरा अर्धा भागसुद्धा पुष्कळ ठिकाणी गळून पडला.

पुढे काय झालं तेही पाहू. १९५२ पासून इंग्लंड-वेल्समध्ये प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी सुरू झाली. नावं न घेता, पण काय चुकलं ते स्पष्ट लिहून. दर तीन वर्षांच्या त्या अहवालांत पोटातला ऐवज फुप्फुसात जाणं हे भुलेच्या मृत्यूंचं मोठं कारण म्हणून पुन्हा पुन्हा येत राहिलं. १९६१ साली ब्रायन सेलिक यांनी भूल देताना गळ्यापाशी विशिष्ट जागी दाब देऊन अन्ननलिका बंद ठेवण्याची रीत मांडली. (तिच्या उपयोगाबद्दल आज भूलतज्ज्ञांमध्ये दुमत आहे, पण त्या रीतीमुळे एक जादा माणूस बाईच्या डोक्याशी उभा राहू लागला, हेही खरं.) भूल देण्याआधी सोडियम सायट्रेटचा एक घोट पाजून आम्ल मारणं, भूल पटकन चढवून लगेच श्वासनळीत नळी घालणं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाठीतल्या भुलेचा वापर वाढणं, यांनी हे मृत्यू दुर्मीळ झाले. पाठीतल्या भुलेत बाई जागी असते, उलटी आली तर मान वळवून थुंकते. बायका वाचल्या त्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या सूचनेमुळे. त्या नुसत्या उपासानं वाचल्या, असं म्हणायला आधार नाही.

आणि उपासानं पोट रिकामं होतंच असं नाही. कळांमध्ये जठर मंदावतं, आम्ल मात्र तयार होतच राहतं. बारा तास उपाशी बाईच्या पोटातही फुप्फुस भाजायला पुरेल एवढं आम्ल असू शकतं.

मग कळांमध्ये बाईनं खावं की नाही?

इथे डॉक्टर मंडळी रागावतील. “तुम्ही बायकांना खा म्हणून सांगाल आणि मरतील त्या.” म्हणून नेमकं सांगते. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी घट्ट अन्न सहा ते आठ तास बंद ठेवायचं आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हा नियम योग्य आहे. तो पाळलाच पाहिजे. पण ज्या बाईचं बाळंतपण साधं, धोक्याचं नाही, तिला कळांमध्ये खाऊ-पिऊ द्यावं अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली केली आहे. त्याआधी कॉक्रेन गटानं अशा बायकांवरच्या पाच अभ्यासांचा, एकूण ३,१३० जणींचा आढावा घेतला. अन्नपाणी तोडण्याचं समर्थन करता येईल असं त्यात काही सापडलं नाही.

आणि आपल्याकडे? आमच्या बैठकीत मी विचारलं, कुणाकुणाला कळांमध्ये पाणीसुद्धा दिलं नाही? निम्म्याहून जास्त हात वर आले. एक जण म्हणाली, “बावीस तास. नळाखाली तोंड धुवायला गेले आन चोरून दोन घोट प्यायले. सिस्टरनं पायलं, तर केवढी बोलली!” शेतावर राबणाऱ्या, आधीच रक्त कमी असलेल्या बाईला दिवसभर कोरडी ठेवायची आणि वर जोर लाव म्हणून मांडीवर चापट मारायची, याला उपचार म्हणत नाहीत.

धाकटीची गोष्ट वेगळी होती, हे मी लपवत नाही. आधी सिझेरियन झालेली बाई धोक्यातली धरायची असते. कळा किंवा रक्तस्राव सुरू झाला की तिनं खाणं थांबवायचं आणि निघायचं, हे तिला माहीत असायला हवं होतं. पण ती महिनोन् महिने तपासणीला जात होती. वजन झालं, गोळ्या मिळाल्या, कार्ड भरलं. हा सल्ला एकदाही कुणी दिला नाही. आणि दिला असता तरी काय? ती सात वाजता जेवली, कळा दहाला सुरू झाल्या. दिवस भरलेल्या बाईनं कळा कधी येतील याचा नेम नाही म्हणून शेवटचा महिनाभर संध्याकाळचं जेवायचंच नाही की काय? भाकरी वाढणारी जाऊ तिच्यावर माया करत होती.

आता ते वाक्य आठवा. कळा देणाऱ्या बाईचं पोट भरलेलंच समजायचं. म्हणजे ‘खाऊन आली’ ही काही डॉक्टरला चकित करणारी बातमी नाही. ती त्याच्या कामाची सुरुवात आहे. रक्त जात होतं, घाई खरीच होती, पूर्ण भूल देण्याचा निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. पण केसपेपरवर शेवटचं कधी जेवली याची नोंद नाही. आम्ल मारायचं औषध दिल्याची नोंद नाही. आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या थोरलीनं स्वतः पाहिलं, की आतून ओरडा झाला आणि एक जण दुसऱ्या खोलीतून ‘मशीन’ आणायला धावला. ते मशीन म्हणजे घसा साफ करायचं सक्शन. मेंडेल्सननी १९४६ साली खोलीत सज्ज ठेवायला सांगितलेलं. ते शेजारच्या खोलीत होतं. आणि दोष भाकरीचा!

उपचार कोणते?

उलटी श्वासनळीत गेलीच तर पहिली काही मिनिटं महत्त्वाची. डोकं खाली, अंग कुशीवर, घसा लगेच सक्शननं साफ, प्राणवायू. घट्ट तुकडे अडकले असतील तर दुर्बिणीनं काढायचे. पाणी घालून फुप्फुस धुण्यात अर्थ नाही, आम्ल क्षणात आपलं काम करून मोकळं होतं. नंतर बाईवर बारीक लक्ष. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधला १९९३ सालचा एक मोठा अभ्यास आहे. सव्वादोन लाखांच्या जवळपास भुलींत ६७ जणांच्या बाबतीत असं घडलं. त्यातल्या बहुतेकांना काहीच त्रास झाला नाही, तिघं दगावले. दोन तासांत खोकला, घरघर, प्राणवायू घटणं यांतलं काही दिसलं नाही, तर पुढे श्वासाचा गंभीर त्रास झाला नाही. म्हणजे ते दोन तास कुणीतरी बाईपाशी बसलं पाहिजे.

त्रास वाढला तर कृत्रिम श्वास. तोही बेतानं, लहान लहान श्वास देऊन, कारण मोठे श्वास जखमी फुप्फुसाला आणखी फाडतात. हे २००० सालच्या मोठ्या अभ्यासानंतर सर्वमान्य झालं. स्टेरॉइड सरसकट देण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. प्रतिजैविकंही संसर्गाची खूण दिसल्यावरच द्यायची. तरी बिलावर दोन्ही असतातच. सूज आवरणारी द्रव्यं, फुप्फुसातला नैसर्गिक स्निग्ध पदार्थ बाहेरून सोडणं, मूळपेशी, यांवर संशोधन चालू आहे. प्राण्यांमध्ये काही आशा दिसल्या आहेत. पण भाजलेलं फुप्फुस बरं करणारं सिद्ध औषध आज नाही. शरीर स्वतः भरून काढेपर्यंत तगवून धरणं एवढंच हाती असतं, आणि त्याला अतिदक्षता विभाग लागतो. तो आपल्या वाडीपासून किती लांब आहे, ते रात्री गाडी शोधणाऱ्यांना विचारा.

म्हणूनच या आजारात प्रतिबंध हाच खरा उपचार. आणि तो महागडा नाही. एक घोट सायट्रेट, एक चालतं सक्शन, एक कलणारं टेबल, एक जाणता माणूस. भूलतज्ज्ञ कमी आहेत म्हणून सरकारनंच एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी भुलेचं प्रशिक्षण आखलेलं आहे. ते घेतलेला डॉक्टर आपल्या तालुक्यात कुठे आहे, रात्री असतो का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आता घरातली गोष्टही बोलू. झटके आलेल्या, बेशुद्ध पडलेल्या बाईच्या तोंडात आपण पाणी ओततो. १८४८ साली इंग्लंडात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. क्लोरोफॉर्मखालचा नोंदला गेलेला पहिला मृत्यू तो. शुद्धीवर आणायला तिच्या तोंडात पाणी आणि ब्रँडी ओतली होती, आणि ती त्यानंच गुदमरली असं जेम्स सिम्प्सन या क्लोरोफॉर्मच्या पुरस्कर्त्या डॉक्टरांनी मांडलं. खरं कारण काय यावर वाद राहिला, पण धडा पक्का आहे. शुद्ध नसलेल्या बाईच्या तोंडात काही घालायचं नाही. गाडीत तिला उताणी झोपवायचं नाही, डाव्या कुशीवर ठेवायचं. ही गोष्ट प्रत्येक वाडीत पोचवा.

आपण काय मागायचं?

महाराष्ट्राचं माताप्रमाण बरं आहे. २०१८–२०च्या पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, तेव्हा देशाचा आकडा ९७ होता. पण आकडा बरा असला की उरलेल्या मृत्यूंचा दोष मेलेलीवर टाकणं सोपं होतं. प्रत्येक मातामृत्यूचा आढावा घ्यायचा सरकारी नियम आहे, आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या आढाव्याला घरच्यांना बोलावण्याची तरतूदही आहे. धाकटीच्या घरी फॉर्म भरायला कुणीतरी येऊन गेलं. पुढे काय ठरलं, ते कुणी सांगितलं नाही. केरळात २००४ पासून स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना गोपनीय चौकशी करून काय चुकलं ते छापते. आपल्याकडे का होऊ नये?

तेव्हा मागण्या साध्या आहेत. साध्या बाळंतपणात बाईला पाणी आणि हलकं खाणं द्या. धोक्याच्या बाईला तपासणीतच खाण्याचा सल्ला द्या. प्रसूतीच्या खोलीत सक्शन आणि कलणारं टेबल चालू आहे की नाही, ते फलकावर लिहा. भूल देण्याआधी ‘शेवटचं कधी जेवलात?’ हे विचारा आणि नोंदवा, दोष द्यायला नव्हे, तयारी करायला. मातामृत्यूच्या आढाव्याचा निष्कर्ष घरच्यांना मराठीत सांगा. आणि तुम्ही, बायांनो, कागद मागा. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत केसपेपरच्या प्रती द्याव्या लागतात. आम्हाला त्या मिळाल्या, म्हणून हे लिहिता आलं.

शेवटी एक गोष्ट. कागद वाचून झाल्यावर डॉक्टरबाईंना घेऊन मी त्या घरी गेले. सासू, नवरा, दीर, सगळ्यांना बसवून डॉक्टरबाईंनी सांगितलं, की भूल देणाऱ्यानं पोट भरलेलंच धरायचं असतं, भाकरीनं कुणी मेलं नाही. सासू बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मग आमाला तवाच का नाय सांगितला?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. थोरली मागच्या दारी धाकटीच्या लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. आता तिच्या हातचं घरात खातात. पण कुणाही गरोदर बाईच्या ताटात ती अजून स्वतः होऊन काही वाढत नाही. ‘खाऊन आली म्हणून’ हे वाक्य ज्यानं उच्चारलं, तो मात्र ते केव्हाच विसरला असेल.